न जोडलेले पॅड

१

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. समोर चाळणीताई, पाठीमागे नुसतीच चाळणी. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं.

पाण्याच्या पंपांचे कंट्रोल बोर्ड आखायचं त्यांचं काम. तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवर कुठला पार्ट कुठे बसणार, त्याच्या पायांखाली तांब्याचे ठिपके कुठे हवेत, हे आधी कॉम्प्युटरवर काढायचं. त्या ठिपक्यांना पॅड म्हणतात आणि एका पार्टच्या सगळ्या पॅडच्या नकाशाला फूटप्रिंट. पूर्वी ज्याचे त्याचे फूटप्रिंट ज्याच्या त्याच्या मशीनवर असत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार होता. मग एकदा झालंचरावने एक कनेक्टर उलटा काढला आणि ढीगभर बोर्ड भंगारात गेले. (विचारलं की तो ‘झालंच’ म्हणे, म्हणून हे नाव. होत मात्र काहीच नसे.) तेव्हा साहेबांनी कानाला खडा लावला आणि सगळ्यांच्या फूटप्रिंटची मिळून एकच लायब्ररी केली.

तिचे नियम चाळणीने घालून दिले. सकाळी आल्या आल्या प्रत्येकाने आपलं मशीन अपडेट करायचं, म्हणजे सगळ्यांकडे एकच लायब्ररी राहील. कोणाचाही बदल दुसऱ्याने पाहून होकार दिल्याशिवाय आत घ्यायचा नाही. आणि नवा फूटप्रिंट आला की तो कागदावर खऱ्या मापात छापायचा, त्यावर खरा पार्ट ठेवायचा आणि पाय बरोबर बसतात का ते डोळ्यांनी बघायचं. स्क्रीनवर भल्याभल्यांची फसगत होते, कागद खोटं बोलत नाही, असं ती नव्या माणसांना सांगे.

दुपारी डबा खाऊन झाला की ती घरी फोन लावी. घरी तिचे वडील असत. पाय अधू झाल्यापासून ते तिच्याकडेच होते, बोळाच्या टोकाच्या खोलीत. खाट, खिडकीपाशी खुर्ची आणि एक काठी, एवढाच त्यांचा संसार उरला होता. आवाजही बारीक झाला होता, म्हणून काही लागलं की ते काठीने भिंतीवर दोनदा ठोकत. ती हातातलं टाकून धावत जाई. "काय हवंय बाबा?" तर म्हणत, "काही नाही गं. बघत होतो, कोणी आहे का."

कधी कधी तिचं डोकं फिरे. दिवसातून किती वेळा बघायचं माणसाने, असं ती नवऱ्याजवळ पुटपुटे. पण ती जाई.

२

त्या सकाळी लायब्ररीत एक बेवारस फूटप्रिंट निघाला.

त्याला नाव नव्हतं, नावाच्या जागी नुसती एक रेघ. कुठल्या पार्टचा ते कळत नव्हतं, पण फॅक्टरीत जायला निघालेल्या बोर्डच्या कोपऱ्यात तो बसवलेला होता. चाळणीने आधी झालंचरावला धरलं.

"माझा नाही ताई, शपथ. हे बघा, दादांचं नाव आहे."

खरंच, त्याच्या मशीनवर तो दादांनी टाकल्याचं दिसत होतं. दादा म्हणजे टीममधले सर्वांत जुने, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. ती त्यांच्या टेबलाशी गेली. त्यांच्या मशीनवर झालंचरावचं नाव होतं.

"ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर," दादा म्हणाले. "सर्व्हरला वात झालाय."

तिने तो कागदावर छापून आणला. पार्टच्या डब्यात हात घालून एकेक ठेवून पाहिला. एकाचेही पाय बसेनात. डावीकडचे पॅड निदान तारांना जोडलेले होते. उजवीकडे मात्र चारचा एक लांबट चौकोन, शेजारी चारचा लहान चौकोन आणि मध्ये एकटाच एक गोल, असे नऊ पॅड होते आणि ते कशालाच जोडलेले नव्हते. जागा तेवढी अडली होती.

साहेब दारातूनच म्हणाले, "संध्याकाळी फाइल जायला हवी. काय ते निस्तरा."

"उजवीकडचं काढून टाकते," ती म्हणाली. "कशालाच जोडलेलं नाही."

दादांचंच मशीन समोर होतं, तिथेच उभ्या उभ्या तिने ते नऊ पॅड निवडले, पुसले आणि फूटप्रिंटच्या हद्दीची बाहेरची रेघही आत ओढून घेतली. फूटप्रिंट कसा सुटसुटीत दिसू लागला. बदलाखाली तिने लिहिलं, ‘न जोडलेले पॅड काढले.’ दादांनी होकार दिला. छापलेल्या कागदाची पाठ कोरी होती, म्हणून तिने तो घडी घालून पर्समध्ये टाकला. कागद फेकायला तिचा हात धजत नसे.

त्या गडबडीत दुपारचा फोन राहून गेला.

३

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. तिने हातपाय धुतले, पाण्याचा पेला भरला, बाबांच्या गोळ्यांसाठी फडताळात हात घातला. गोळ्यांचा डबा नव्हता. "ह्याने कुठे ठेवला कोण जाणे," असं पुटपुटत ती पेला घेऊन बोळात शिरली आणि चार पावलांत तिचं नाक भिंतीला टेकायचं राहिलं.

बोळ तिथेच संपत होता.

भिंत नवी असती तर एक वेळ बरं झालं असतं. ही जुनी होती. रंग कोपऱ्यात पोपडे धरून होता, खाली ओलीचा डाग होता आणि कधीकाळी खिळा मारून काढल्याची खूणही होती. तिने पेला जमिनीवर ठेवला. भिंतीवर हात फिरवला. मग परत जाऊन दिवा लावला, जणू अंधारामुळेच दार हरवलं होतं.

"अरे, बाबा कुठे आहेत?"

नवऱ्याचे हात थांबले. "कोणाचे बाबा?"

"माझे."

त्याने सुरी खाली ठेवली आणि तिच्याजवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, काळजी होती, आणि तेच तिला सहन होईना. "अगं, ते जाऊन किती वर्षं झाली. आपलं लग्नसुद्धा झालं नव्हतं. काय झालंय तुला? ऑफिसात काही झालं का?"

तिने भावाला फोन लावला. तो आजारी माणसाशी बोलावं तसं सावकाश बोलला. "ताई, झोप नीट होते ना तुझी?" एवढंच त्याने दोनदा विचारलं.

ती खाली उतरून बाहेरून बघून आली. इमारतीचा तो कोपरा कातरून घेतल्यासारखा आत गेला होता. बाबांची खिडकी जिथे असायची तिथे नुसती हवा होती, आणि पलीकडे आकाश. आपण थकलोय, असं तिने स्वतःला बजावलं. माणसाला भास होतात, चांगल्या चांगल्यांना होतात. पण भासाला गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास असतो का? सकाळी तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. तिने बोटं नाकाशी नेली. साबणाचाच वास आला.

रुमाल काढायला तिने पर्स उघडली आणि तो कागद हाताला लागला. तिने तो जेवणाच्या टेबलावर उलगडला. मध्ये चार पॅडचा चौकोन होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन लहान चौकोन, त्यातला एक जरासा तिरका. तिने मान वर केली. नवऱ्याची खुर्ची जराशी तिरकी होती. ती कायमच असे. कितीदा सांगून तो सरळ ठेवत नसे.

मग सवयीने ती तेच करू लागली, जे ती रोज करी. कागद समोर धरून एकेक वस्तू त्यावर बसवून पाहू लागली. ओटा बसला. पलंग बसला. बोळ बसला. बोळाच्या टोकाला, उजव्या हाताला चार पायांची खाट होती, चार पायांची खुर्ची होती आणि खाटेशेजारी तो एकटा गोल ठिपका, ज्याला तिने स्क्रूचं भोक समजून पुसलं होतं.

ती काठी होती.

४

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. मशीन सुरू होताच रोजचा प्रश्न स्क्रीनवर आला, अपडेट करायचं का. तिचं बोट बटणापाशी गेलं आणि थांबलं. काल पॅड पुसले ते दादांच्या मशीनवर. तिच्या मशीनवर अजून कालची सकाळ होती. तिने ‘नको’ म्हटलं आणि लायब्ररी उघडली. ते नऊ पॅड तिथे होते, जागच्या जागी. तिला रडू आलं.

दादा येताच तिने जुना फूटप्रिंट त्यांच्याकडे पाठवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "हा परत घ्या. माझी चूक झाली."

दादांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. "फाइल अजून गेली नाही हे नशीब. पण हे बघ, इथे भांडण लागलंय."

एरवी कामाला हात न लावणाऱ्या झालंचरावने काल, जन्मात पहिल्यांदा, काम वेळेत केलं होतं. मोकळी झालेली जागा पाहून त्याने तिथे तांब्याचा सलग जाड पट्टा ओतला होता. आता त्याच जागी एकीकडे तिचे पॅड, दुसरीकडे त्याचं तांबं, आणि मशीन विचारत होतं, हे ठेवू, ते ठेवू, की दोन्ही.

"त्याचं काढा," ती म्हणाली.

"ताई, असं नका हो करू," झालंचराव काकुळतीला आला. "बोर्ड तापत होता, ह्या पट्ट्याने गार राहतो. दिवसभर जेवलोसुद्धा नाही. साहेब पहिल्यांदा शाब्बास म्हणाले."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझे हे पॅड कशाला जोडलेत?"

"कशालाच नाही."

"कुठला पार्ट बसतो त्यांच्यावर?"

काय सांगणार होती ती? माझे वडील बसतात, खिडकीपाशी, पाय उन्हात सोडून? तिचाच नियम होता, कारण सांगता येत नसेल तर बदल आत घ्यायचा नाही. कितीतरी पोरांना तिने ह्याच टेबलापाशी परत पाठवलं होतं.

"दादा, मला ते हवेत," ती म्हणाली. "विचारू नका. हात जोडते."

दादा गोंधळले. ह्या बाईने उभ्या आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते. साहेब दारात येऊन घड्याळ बघत होते. दादा चांगला माणूस, कोणाचंच मन मोडवेना त्यांना.

"असं करू," ते म्हणाले. "तुझंही राहू दे, त्याचंही राहू दे. नुसते मोकळे पॅड तर आहेत. तांब्यात बुडाले तर बिघडतं काय?"

दोन्ही ठेवू नये, हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत असे. एका जागी दोन गोष्टी मावत नाहीत. पण साहेब उभे होते, झालंचराव डोळे पुसत होता, आणि नाही म्हटलं तर तेही हातचं जाईल अशी तिला भीती वाटली. तिने मान हलवली. दादांनी बटण दाबलं आणि फाइल फॅक्टरीत गेली.

५

भिंत तशीच होती.

ती बोळात उभी राहून भिंतीकडे बघत राहिली, मग स्वयंपाकघरात आली आणि पातेल्यात पाणी घेतलं. पाणी उकळायच्या आत आवाज आला.

ठक. ठक.

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "शेजारी काहीतरी ठोकतायत."

त्या बाजूला शेजार नव्हता. त्या बाजूला नुसती हवा होती, कालच बघून आली होती ती. ती बोळात धावली. आवाज भिंतीतून येत होता, पलीकडून नव्हे. विटांच्या आतून, जड, गुदमरलेला. तिने भिंतीला कान लावला. कोणी तरी फार अडचणीत हात हलवत होतं. हात हलवायला जागा किती लागते आणि त्याला किती मिळते आहे, हे त्या आवाजावरून कळत होतं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी आहे."

आवाज थांबला. मग तिच्या गुडघ्याच्या उंचीवर गिलाव्यात काहीतरी हललं. रुपयाएवढं, काळं, गोल. काठीचं रबर. एका कडेने झिजलेलं, कारण ते उजवा पाय ओढत चालत आणि काठी तिरकी टेकवत. नवं रबर आणायचं, आणायचं म्हणत तिचंच राहून गेलं होतं. ते रबर गिलाव्याच्या पातळीपर्यंत आलं, तिथे क्षणभर थरथरलं आणि आत गेलं. मागे भोक राहिलं नाही. गिलावा पुन्हा सपाट झाला, एक पुसट गोल डाग तेवढा उरला.

तिने नखांनी खरवडलं. स्क्रूड्रायव्हर आणून उकरलं. आत वीट, विटेच्या आत वीट. नवऱ्याने मागून येऊन तिचे दोन्ही हात धरले तेव्हा नखांतून रक्त येत होतं, आणि आतून कोणीतरी पुन्हा विचारत होतं, कोणी आहे का.

६

महिनाभर तिने साहेबांना सांगून पाहिलं. तांबं तेवढं काढू द्या, एवढी एक मेहरबानी करा.

"अगं बाई, बोर्ड तयार होऊन पंपांत बसलेसुद्धा," साहेब म्हणाले. "चांगले चालतायत. आता त्या लायब्ररीला कोणी बोट लावायचं नाही, कुलूप घातलंय. आणि हो, सगळ्यांच्या यादीत तुझं एकटीचं मशीन मागे दिसतंय. तूच नियम करायचे आणि तूच मोडायचे?"

"करते अपडेट," ती म्हणाली, आणि केलं नाही.

तयार बोर्डांतला एक नमुना दादांच्या टेबलावर होता. तिने तो खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरला. हिरव्या रंगाखाली तांब्याचा सपाट पट्टा दिसत होता, आणि तांब्याखाली काही नव्हतं. तिने त्यावर बोट फिरवलं. एका जागी अगदी बारीक उंचवटा लागला, की तसं वाटलं. तिने बोर्ड जागेवर ठेवला आणि हात धुऊन आली.

घरी ती भिंतीला पाठ लावून बसू लागली. तिकडून दोन ठोके आले की ती इकडून दोन ठोके देई. आधी त्याने बाबांना बरं वाटत असावं. नंतर ठोके लवकर लवकर येऊ लागले. ती जेवताना येत, अंघोळीला गेली की येत. उत्तर दिलं की काही वेळ शांत, मग पुन्हा. आत माणसाला भूक लागते का, तहान लागते का, मरता येतं का, ह्यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. फक्त एवढं कळत होतं, की कोणी आहे हे कळूनही त्याला कोणी बाहेर काढत नव्हतं. त्यापेक्षा कोणी नसतं तर बरं झालं असतं, असं त्यालाही वाटत असेल का? हा विचार आला त्या दिवशी तिने ठोक्याला उत्तर दिलं नाही. कानांत बोटं घालून बसली. आतून किती तरी वेळ आवाज येत राहिला.

दुसऱ्या सकाळी मशीनने रोजचं विचारलं. अपडेट करायचं का.

ती स्क्रीनकडे बघत बसली. तिच्या मशीनवर अजून ती सकाळ होती, खाट, खुर्ची, काठी, सगळं जागच्या जागी, वर तांबं नाही. जगात आता तेवढ्याच एका जागी ते नीट होते, आणि ते तिला एकटीला दिसत होतं. बाकी सगळं जग अपडेट झालं होतं, म्हणून बाबा कोणाला आठवत नव्हते; मागे राहिलं होतं ते तिचं एकटीचं मशीन. बटण दाबल्यावर काय जाईल, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, माझ्यात नाही हो ताकद," ती हलकेच म्हणाली.

झालंचराव पलीकडून म्हणाला, "काही म्हणालात का ताई?"

तोवर तिने बटण दाबलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "काय म्हणणार?"

७

संध्याकाळी ती हसतमुखाने घरी आली. नवऱ्याला इतकं बरं वाटलं की तो न सांगता भाजी निवडून कांदाही चिरायला बसला. बऱ्याच दिवसांनी तू तुझ्यासारखी दिसतेस, असं तो म्हणाला. ती म्हणाली, कामाचा ताण होता, मेली ती लायब्ररी. मग पर्स साफ करताना तिला एक घडीचा कागद सापडला, कुठल्याशा पार्टचा छापलेला. पाठ कोरी होती, पण घड्यांवर विरलेला. तिने तो केरात टाकला.

बोळाच्या टोकाशी भिंत कोणीतरी विद्रूप खरवडून ठेवली होती. खाली एक गोल काळपट डागही होता. तिने फडकं ओलं करून तो घासला. निघेना.

ठक. ठक.

ती दचकली. वळलेल्या मुठीने, कसं कोण जाणे, तिने भिंतीवर दोनदा ठोकलं. का ठोकलं ते तिचं तिलाच कळलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कांदा फारच तिखट आहे, असं ती नवऱ्याला म्हणाली.

आतून लगेच उत्तर आलं. घाईघाईने, पुन्हा पुन्हा, न थांबता.

"ह्या शेजाऱ्यांना काही वेळकाळ आहे की नाही," ती म्हणाली, आणि तिने स्वयंपाकघरात येऊन दार लावून घेतलं.